पेठेतल्या फुटबॉल संघाचा इतिहास: ट्रंक उघडण्यापासून छपाईपर्यंतच्या नोंदी

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ म्हणजे बहुतेक वेळा पेठेतली तालीम. आत लाल मातीचा हौदा, भिंतीला मारुती आणि कपाटात चषक. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ ही नावं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेल्या कुणालाही पाठ असतात. आम्ही पाच जणांनी आमच्या पेठेतल्या संघाचा इतिहास नऊ महिन्यांत जमवून छापला, त्या कामाच्या या नोंदी. दुसऱ्या एखाद्या तालमीने, किंवा गडहिंग्लज, मिरज, बेळगावकडच्या क्लबने हेच काम काढलं तर निदान आमच्याच चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून लिहून ठेवल्या आहेत. तालमीचं आणि खेळाडूंची नावं मुद्दाम गाळली आहेत.

४ जून २०२३

मोजदाद. माळ्यावर दोन लोखंडी ट्रंका, ऑफिसातलं कपाट, भिंतीवरच्या फ्रेमा. फोटो ३१२, कात्रणं १९० च्या आसपास, वह्या ९, चषक आणि ढाली मिळून ४७. दारावरच्या फलकावर 'स्थापना १९३८'. हे साल कुठून आलं, ते आज जमलेल्या अकरा जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

पहिली चूक पहिल्याच तासात. एक ट्रंक जमिनीवर ओतली आणि फोटो, कात्रणं, हिशेब असे तीन ढीग केले. ट्रंकेत पाकिटं होती. एका पाकिटात एका मोसमाचा फोटो, त्याच मोसमाचं कात्रण आणि चेंडू घेतल्याची पावती असं एकत्र ठेवलेलं होतं. फोटोवर साल नव्हतं, पावतीवर होतं. ढीग केल्यावर कोणती पावती कोणत्या फोटोची ते कळायला मार्ग उरला नाही. या ट्रंकेतल्या ८० वस्तू शेवटपर्यंत बिनसालाच्या राहिल्या.

दुसरी ट्रंक बंद केली आणि नियम ठरवला. वस्तू सापडली तशी आधी मोबाईलवर टिपायची. मग पाकिटाला नंबर द्यायचा आणि आतल्या प्रत्येक वस्तूला त्याच नंबराखाली पोटनंबर: ७/१, ७/२, ७/३. नंबर फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने. बॉलपेन दाबून चालवलं की पुढच्या बाजूला, चेहऱ्यावर, ओरखडा उठतो. आमच्याकडे चार फोटोंवर उठला.

११ जून

चषक. फोटो काढायच्या आदल्या रात्री पोरांनी हौसेने चौदा चषक चिंच-मीठ लावून घासले. लखलखीत झाले, पण मुलामा उतरला आणि उथळ कोरलेली अक्षरंही त्याच्याबरोबर गेली. तीन चषकांवरचं साल आता वाचता येत नाही. जुन्या चषकाला घासायचंच नाही. मऊ फडक्याने धूळ पुसायची आणि थांबायचं.

उरलेल्यांवरची पुसट अक्षरं वाचायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, खोलीत अंधार करून टॉर्च चषकाच्या अगदी कडेने, जवळजवळ आडवी धरायची. सावलीमुळे अक्षर उठून दिसतं. दोन, बटर पेपर घट्ट गुंडाळून पेन्सिलची आडवी बाजू फिरवायची. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच.

चषकावरचं साल जिंकल्याचं असतं, हे धरून चालू नका. 'कै. अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, १९६४' असं असेल तर ते साल निधनाचं असू शकतं, किंवा चषक देणगी दिल्याचं. फिरत्या चषकाच्या लाकडी बैठकीवर जी छोटी पितळी पट्टी असते तिच्यावर विजेत्याचं साल मिळतं. आमच्या यादीत असे पाच चषक चुकीच्या सालाखाली गेले होते. ते पुढे नोव्हेंबरात सापडले. चषकावर 'नगराध्यक्ष यांच्या हस्ते' असेल तर तो डिसेंबर १९७२ च्या आधीचा, कारण तेव्हा कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

२५ जून

स्कॅनर. साधा, पातळ, यूएसबीवर चालणारा घेतला, ५,८०० रुपये. कागदपत्रांना उत्तम, जुन्या फोटोंना निकामी. अशा पातळ स्कॅनरला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं. कागद दोन मिलिमीटर उचललेला असला की तेवढा भाग धूसर. जुने फोटो कडांना वाकलेले असतात आणि संघाच्या फोटोत कडेला उभा असलेलाच खेळाडू नेमका ओळखायचा असतो. झाकण दाबून सपाट करायला गेलो तर एका फोटोला आडवी भेग पडली.

शेवटी वाकलेले फोटो कॅमेऱ्याने काढले. कॅमेरा उलटा टांगायला दोन स्टुलांवर फळी, पन्नास मिलिमीटरची लेन्स (उसनी), दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत एकेक एलईडी दिवा. दिवे दोन, २,८०० रुपये. खोलीतली ट्यूबलाईट बंद करायला विसरलो म्हणून पहिले ३० फोटो हिरवट आले, पुन्हा काढले.

सपाट असलेले फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला, कागद ३०० ला. पोस्टकार्डाएवढा संघाचा फोटो पुस्तकात पूर्ण पानभर घ्यायचा तर ३०० पुरत नाही. आम्ही आधी ९० फोटो ३०० ला केले होते, त्यातले ५० परत करावे लागले. वाया गेलेला वेळ: दोन रविवार.

निगेटिव्ह ४ रिळं निघाली. टॅबलेटवर पांढरा पडदा लावून त्यावर निगेटिव्ह ठेवली तर पडद्याचे ठिपके फोटोत आले. निगेटिव्ह पडद्यापासून तीनेक सेंटिमीटर वर, पुठ्ठ्याच्या चौकटीत धरली, मग ठीक आलं.

९ जुलै

पाऊस लागला. भिंतीवरच्या फ्रेमांपैकी अकरा फ्रेमांत फोटो काचेला चिकटलेला. ओल आत शिरली की फोटोवरचा सरसाचा थर मऊ होतो आणि वाळताना काच धरून बसतो. एक फ्रेम उघडून हेअर ड्रायर लावला. फोटो सुटला, पण मागच्या रांगेतल्या दोघांचे चेहरे काचेवरच राहिले. त्यानंतर हात लावला नाही. उरलेल्या दहा फ्रेमा काचेसकट टिपल्या. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून त्याला लेन्सएवढं भोक पाडलं की काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही.

पावसाळ्यात हे काम करूच नये, असं आता वाटतं. पण फुटबॉलचा मोसम पावसाळ्यानंतर, आणि मोसम चालू झाला की तालमीत इतिहासाला कुणी विचारत नाही. म्हणून फोटो प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. साधं प्लास्टिकचं पाकीट थेट फोटोला नको, तेही चिकटतं. कागदी पाकिटं, डबे, पुड्या मिळून २,३५० रुपये.

नदीकडच्या बाजूला राहणाऱ्या जुन्या खेळाडूंकडे फोटो मागायला गेलो तर तीन घरांत एकच उत्तर: २०१९ च्या पुरात गेले. एका घरातले २०१९ ला वाचले आणि २०२१ ला गेले. ज्यांच्या घरी अजून आहेत त्यांच्याकडे आधी जा. तालमीची ट्रंक पळून जात नाही.

२३ जुलै

कात्रणं. ज्याने कापली त्याने अगदी नीट कापली: बातमी आणि फोटो ठेवला, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख बाहेर फेकली. १९० पैकी तारीख असलेली २६.

साल शोधायला कात्रणाची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उपयोगी. मागे गुळाचे बाजारभाव, सिनेमाची जाहिरात, निवडणुकीची बातमी, रेडिओचे कार्यक्रम असतात. त्यावरून ४८ कात्रणांचं साल आणि १९ कात्रणांचा नेमका आठवडा लागला. वहीत खळीने चिकटवलेल्या कात्रणांची मागची बाजू दिसत नाही. ती सोडवायला जाऊ नका. पान उचलून मागून दिवा लावला तर मोठी अक्षरं वाचता येतात, मग मोबाईलवर आरसा पालटून घ्यायची. खळीची वही कसरीने खाल्लेली असते. आमच्या एका वहीत गोल कुणी केला तेवढ्याच जागेवर भोक.

साधारण १९९५ च्या सुमारास कुणीतरी चांगल्या हेतूने ३५ कात्रणं लॅमिनेट केली होती. ती आता जन्मभर तशीच. स्कॅनरवर चकाकतात, कॅमेऱ्यावर तिरका दिवा लावून कशीबशी आली. सेलोटेप लावलेली तर त्याहून वाईट: टेप पडते आणि पिवळा डाग राहतो.

बातमीतल्या मजकुरावरून 'याच्या आधीचं नाही' एवढं ठरवता येतं. टायब्रेकरवर निकाल असेल तर बातमी १९७० च्या आधीची नसणार, कारण पेनल्टी किकवर निकाल लावायची पद्धत नियमांत त्या साली आली. त्याआधी बरोबरी झाली की सामना पुन्हा, नाहीतर संयुक्त विजेते. लाल-पिवळ्या कार्डांचंही तेच साल. फोटोत बत्तीस तुकड्यांचा काळा-पांढरा चेंडू असेल तर तोही १९७० च्या विश्वचषकानंतरचा समजायला हरकत नाही. पण लेस बांधायचा जुना चेंडू दिसला म्हणून फोटो आधीचा ठरत नाही. तालमीत चेंडू फाटेपर्यंत शिवून वापरतात. अनवाणी खेळाडूंचंही तसंच. भारताचा संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला बहुतांशी अनवाणी खेळला आणि १९५२ नंतर बूट सक्तीचे झाले, हे खरं. पण तो नियम पेठेतल्या पोरांच्या पायापर्यंत पोहोचायला किती वर्षं लागली, ते आमचे फोटोच सांगतात. अनवाणी पायांवरून आम्ही चार फोटो पन्नासच्या दशकात टाकले होते. त्यातल्या एकात मागे भिंतीवर पिन कोड लिहिलेलं दुकान निघालं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले.

६ ऑगस्ट

ग्रंथालयातले बांधीव अंक. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय गावात आहे म्हणून सगळं एका जागी मिळेल अशी समजूत होती. वर्तमानपत्रांचे जुने अंक वेगवेगळ्या ठिकाणी, तुकड्या-तुकड्यांत आणि मधले महिने गाळून मिळतात. जायच्या आधी कुठे कोणत्या महिन्यांचे खंड आहेत एवढीच यादी करायला एक रविवार द्या.

हिशेब: एक मोसम म्हणजे साधारण दोनशे अंक. अंकामागे दोन मिनिटं धरली तरी सात तास. चाळीस मोसम असे चाळत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. म्हणून उलटं केलं. चषक आणि कात्रणांवरून ज्या अंतिम सामन्यांचा महिना कळला होता, तेवढेच महिने उघडले. सत्तरच्या आधीच्या अंकांत खेळाचं वेगळं पान धरून चालू नये. बातमी आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, चार ओळींत. मथळ्यात संघाचं नाव असेलच असं नाही.

स्टेडियमच्या नावांनी घोळ केला. कोल्हापुरात फुटबॉल शाहू स्टेडियमवर आणि क्रिकेट शिवाजी स्टेडियमवर. घाईत उतरवून घेणाऱ्याने दोन्हींना नुसतं 'स्टेडियम' लिहिलं आणि तालमीच्या क्रिकेट संघाचे सहा निकाल फुटबॉलच्या तक्त्यात आले. 'सात गडी राखून' वाचल्यावर कळलं. दुसरीकडे, शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानाचा उल्लेख जुन्या माणसांच्या तोंडी 'वरुणतीर्थ' असा येतो. दोन वेगळी मैदानं समजून आम्ही दोन रकाने केले होते.

२० ऑगस्ट

मुलाखती. पहिल्यांदा नऊ ज्येष्ठ खेळाडूंना एकत्र बोलावलं, चहा-भजी, मोबाईल मधोमध ठेवून रेकॉर्डिंग. दोन तासांचं रेकॉर्डिंग फुकट. सगळे एकदम बोलतात, भांडी वाजतात, आणि एकाने ठासून सांगितलं की बाकीचे 'हां हां, बरोबर' म्हणतात. त्यानंतर त्यातल्या कुणालाही वेगळं विचारलं तरी उत्तर त्या ठासून सांगणाऱ्याचंच यायचं. बाकीच्या आठ जणांच्या आठवणी आम्ही एका दुपारी पुसून टाकल्या, असंच म्हणावं लागेल.

पुढच्या १६ मुलाखती एकेकट्याच्या, त्यांच्या घरी, कॉलरला लावायचा छोटा माइक, पंखा बंद. फोटो समोर ठेवून. 'अण्णा, हा सामना सेमीफायनलचा का?' असं विचारलं की अण्णा 'होय' म्हणतात. त्यापेक्षा 'या दिवशी ग्राउंडवर कसे गेला होता?' विचारावं. सायकलवर डबलसीट, बुटांची पिशवी हँडलला, कुणाचे बूट कुणी घातले होते, असं सगळं निघतं आणि त्यातून सामना आपोआप कळतो. सालापेक्षा स्वतःच्या आयुष्यातल्या खुणा विचारा: लग्नाआधी की नंतर, नोकरी लागली होती का. मुंबईच्या मिल, बँक, रेल्वेच्या संघांत खेळाडू कोट्यातून गेलेल्यांना रुजू झाल्याची तारीख पक्की आठवते. आमच्याकडच्या यादीत सेंटर फॉरवर्ड अचानक गायब का झाला, याचं उत्तर दोनदा तिथे मिळालं.

चेहरे ओळखायची पद्धत: फोटोची ए-फोर झेरॉक्स, प्रत्येक चेहऱ्याशेजारी आकडा, आणि प्रत्येकाला कोरी प्रत. आधीच्याने लिहिलेली नावं दुसऱ्याला दाखवायची नाहीत. दोघांचं जुळलं तर नाव पक्कं, नाहीतर प्रश्नचिन्ह. बंडू नावाचे तिघे निघाले; टोपणनावाबरोबर जागा लिहिली (बंडू, राईट आऊट) तेव्हा ते वेगळे झाले. एक फोटो कितीदा दाखवला तरी कुणाचंच कुणाशी जुळेना. तो निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला होता. मागे उभ्या असलेल्या पंचाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे होता, त्यावरून पकडला.

१० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर

गणपती. तालमीचा हॉल मंडपाच्या सामानाने भरला, डबे एका घरी हलवले. या तीन आठवड्यांत फक्त संगणकावरचं काम.

मराठी अक्षरं आपोआप ओळखणारी सोय सलग मजकुराला कामाची. वर्तमानपत्राच्या पानावर मात्र शेजारच्या दोन स्तंभांच्या ओळी एकात एक मिसळते, आणि '२-१' चं '२१' करते. निकाल आणि नावं हातानेच उतरवा. एका जुन्या स्मरणिकेचा मजकूर डीटीपीवाल्याकडून फाइलमध्ये मिळाला, पण तो जुन्या फॉन्टमधला. युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि 'ऱ्य' ची वाट लागली. ४० पानं तपासायला नवं टाइप करण्याइतकाच वेळ गेला.

तक्त्यात आकडे देवनागरीत भरले होते. एक्सेल त्यांना अक्षरं समजतं, बेरीज शून्य दाखवतं. भरताना इंग्रजी आकडे, छपाईला देताना देवनागरी. फाइलींची नावं देवनागरीत दिली तर एका जुन्या संगणकावर सगळ्या चौकोनी डबे झाल्या. आता नुसते नंबर. एक टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क, ८,६०० रुपये. एक तालमीत, दुसरी चढावरच्या एका घरी तिसऱ्या मजल्यावर. कारण वर आलंच आहे: पूर.

१५ ऑक्टोबर

हिशेबाच्या वह्या. हे काम आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं; दुसऱ्यांदा करायचं झालं तर याच्यापासून सुरुवात करू. फोटो आणि आठवणी कोण खेळलं ते सांगतात. सामना कधी झाला ते रोजकीर्द सांगते.

ब्लॅडर (चेंडूच्या आतला फुगा), लेस, पंप, मैदान आखायला चुना, लिंबू-सोडा, बर्फ, टांगाभाडं. टांगाभाडं आणि बर्फ एकाच तारखेला दिसले की त्या दिवशी सामना होता. या पद्धतीने कात्रण नसलेले २३ सामने सापडले, त्यातले ९ ग्रंथालयात जाऊन पक्के झाले. ब्लॅडरच्या पंक्चरचा खर्च सलग तीन महिने नाही म्हणजे बहुधा चेंडूच नव्हता. त्या मोसमात एकही निकाल नाही.

रुपये-आणे-पैच्या नोंदी १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या; नवे पैसे आले की त्यानंतरच्या. पण दुकानदार आणि कारकून पुढेही काही काळ आण्यांत लिहीत, म्हणून केवळ आण्यांवरून साल ठरवू नये. सगळ्यात जुन्या वहीतली ४६ पानं मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या जाणकाराने पानाला ६० रुपये घेतले, २,७६० रुपये. आधी आमच्यातल्या एकाने मोडीची मुळाक्षरं घेऊन स्वतः प्रयत्न केला होता. 'चेंडू' म्हणून वाचलेला शब्द 'चंदन' निघाला, पूजेचा खर्च.

त्याच वहीत शके १८७३, कार्तिकातली एक नोंद: फुटबॉल एक, ब्लॅडर दोन. शकात ७८ मिळवायचे, पौषापासून पुढच्या महिन्यांना बहुधा ७९. म्हणजे १९५१ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. फुटबॉलचा हा आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद. १९३८ चं काहीही नाही.

२९ ऑक्टोबर

नोंदणीचे कागद. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही. न्यासाचा नंबर 'एफ' ने सुरू होणारा. तालमीचे विश्वस्त असाल तर सरळ नकलेचा अर्ज करा: परिशिष्ट एकचा उतारा आणि सगळे बदल अहवाल. कार्यकारिणी बदलली की बदल अहवाल भरावा लागतो, त्यामुळे कोण अध्यक्ष कधी होता याचा हा बिनचूक पुरावा. अर्थात भरला असेल तर. आमच्याकडे मधली चौदा वर्षं एकही नाही.

मैदानाच्या जुन्या ठरावासाठी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज केला तो परत आला. चूक आमची: महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. आम्ही दीड पान इतिहास लिहिला होता. दुसरा अर्ज तीन ओळींचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये. स्टॅम्प, नकला, झेरॉक्स मिळून ६४० रुपये.

नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे. तालमी आधी खेळतात, मग कधीतरी मैदान, जागा किंवा देणगीसाठी कागद करतात.

२६ नोव्हेंबर

निकालांचा तक्ता. २७४ सामने जमले. पहिल्या तपासणीत सापडलेल्या चुका:

टायब्रेकरचे गोल सामन्याच्या गोलांत धरले होते. १-१ बरोबरी, टायब्रेकरवर ४-३, तर गोल एकच. २२ गोल वजा झाले आणि एका खेळाडूचा 'विक्रम' गेला. घरी जाऊन सांगावं लागलं.

मोसम दोन सालांत पसरलेला असतो. 'सत्त्याहत्तरचा चषक' म्हणजे १९७६-७७ की १९७७-७८? तीन चषक दोनदा मोजले गेले होते. सगळीकडे दोन्ही सालं लिहायची, अपवाद नाही.

लीगचे जुने गुणतक्ते विजयाला तीन गुण धरून नव्याने काढले, आणि एका वर्षी आम्ही विजेते निघालो. आनंद दोन दिवस टिकला. तीन गुणांची पद्धत जगभर रुळली ती १९९४ च्या विश्वचषकानंतर. त्या मोसमात विजयाला दोनच होते. जुन्या तक्त्याला हात लावायचा नाही, छापील आहे तसा घ्यायचा.

गावातल्या काही संघांचे 'अ' आणि 'ब' असे दोन संघ उतरतात. जुन्या बातमीत नुसतं नाव असेल तर कोणता ते ठरवू नका, रकाना मोकळा ठेवा. 'पुढे चाल' मिळालेले, म्हणजे समोरचा संघ न उतरल्याने न खेळता जिंकलेले, सामने विजयात धरले, गोलांत नाही.

खेळाडूंच्या यादीवर सगळ्यात जास्त वाद. गावातला पोरगा मोठा झाला की तो प्रत्येक पेठेला आपला वाटतो. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा गावात काय वातावरण होतं ते आठवा. म्हणून निकष एकच: कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनकडे भरलेल्या खेळाडू नोंदणीची तालमीतली स्थळप्रत, किंवा छापील संघयादी. प्रदर्शनी सामन्यात एकदा खेळून गेलेले वेगळ्या यादीत.

१७ डिसेंबर

स्थापनेच्या सालावर बैठक. साडेतीन तास.

१९३८ कुठून आलं ते सापडलं. १९८८ च्या स्मरणिकेत 'सुवर्णमहोत्सव' आहे, आणि फलकावरचं साल त्यातून पन्नास वजा करून आलेलं. त्याआधीच्या सात फोटोंत फलक दिसतो, एकावरही साल नाही. सुवर्णमहोत्सव १९८८ लाच का, तर त्या वेळच्या एका ज्येष्ठांनी भाषणात 'पन्नास वर्षं झाली' म्हटलं होतं. पन्नास म्हणजे नेमकी पन्नास, असं त्यांनाही म्हणायचं नसावं.

काहींचं म्हणणं, साल बदललं तर शेजारची तालीम हसेल. काहींना थेट १९५१ हवं होतं, तेही चूक: वही १९५१ ची आहे म्हणून संघ त्या वर्षी सुरू झाला असं होत नाही, आणि तालीम तर फुटबॉलच्या आधीची. शेवटी पुस्तकात दोन ओळी ठरल्या: 'तालीम: मंडळाच्या परंपरेनुसार १९३८.' आणि 'फुटबॉल संघाचा उपलब्ध असलेला पहिला कागद: कार्तिक शके १८७३, म्हणजे १९५१.' फलक तसाच आहे.

१४ जानेवारी २०२४

कच्ची प्रत भिंतीवर. सगळी पानं ए-थ्री करून तालमीच्या हॉलमध्ये लावली, खाली दोरीला लाल पेन, पंधरा दिवस. ४१ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या ३३ खऱ्या. पीडीएफ मोबाईलवर पाठवली होती तेव्हा दोनच आल्या होत्या आणि भरपूर अंगठे. पेन दोनदा चोरीला गेलं.

फोटोखालच्या नावांत 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, आणि 'बसलेले' आधी की 'उभे' आधी, हे सगळ्या पुस्तकात एकच ठेवा. आमच्याकडे तीन जणांनी तीन पद्धतींनी लिहिलं होतं.

११ फेब्रुवारी

छपाई. मजकूर ११९ पानं झाला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापतात, म्हणून पानं ११२ किंवा १२८. अधली पानं कोरी जातात आणि पैसे त्यांचेही लागतात. सात पानं कापली, त्यात शुभेच्छा-संदेशांची पाच. त्याबद्दल अजून बोलणी खातोय. ७० जीएसएम मॅपलिथो, फोटोंची १६ पानं आर्ट पेपरवर वेगळी, ५०० प्रती, ७१,५०० रुपये. कृष्णधवल फोटो रंगीत फाइल म्हणून दिले तर छापून तपकिरी-हिरवे येतात. ग्रेस्केल करून द्या, आणि आर्ट पेपरच्या एका पानाची प्रत्यक्ष छापलेली चाचणी बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

आजवरचा सगळा खर्च ९४,४५० रुपये. त्यातले स्कॅनरचे ५,८०० निम्मे वाया.

१० मार्च

पहिल्या २८८ प्रती गेल्यावर एक चूक सापडली. पान ६४ वरच्या फोटोत उभ्यांच्या रांगेतली तिसरी आणि चौथी नावं अदलाबदल झाली आहेत. दोघांचं जुळल्यावरच पक्कं केलेलं नाव होतं. चूक पान लावताना झाली, आणि भिंतीवरच्या प्रतीत ते पान दाराच्या मागे होतं. शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापून उरलेल्या २१२ प्रतींत डिंकाने चिकटवल्या. गेलेल्या प्रतींसाठी पट्ट्यांचा एक गठ्ठा तालमीच्या ऑफिसात, उजव्या कपाटात, वरच्या खणात ठेवला आहे.